काचेची स्वच्छता, कामगाराची सुरक्षा



चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात, मरीना किनाऱ्यासमोर, बर्फ साठविण्यासाठी 1842 साली बांधलेले ‘आइस हाऊस’ आहे. 1897 मध्ये स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते. अशा किनारी वस्तीत खाऱ्या वाऱ्यामुळे खिडक्यांच्या काचांवर मिठाचा थर बसतो. मीठ ओलावा शोषते व धूळ धरून ठेवते. कोरड्या फडक्याने घासल्यास काचेवर ओरखडे पडतात. म्हणून व्यावसायिक सफाई कामगार प्रथम साबणाच्या पाण्याने हा थर सैल करतो, नंतर रबरी वायपर ओढतो आणि दर वेळी रबर पुसून घेतो. उंचावरील काचांसाठी लांब दांड्याचा ब्रश व क्षारमुक्त पाणी वापरतात. हे पाणी वाळल्यावर डाग उरत नाहीत.

परंतु बहुमजली इमारतीवर दोराच्या आधाराने काम करणाऱ्याचे पहिले साधन म्हणजे सुरक्षापट्टा. कामाचा दोर व सुरक्षेचा दोर वेगवेगळ्या आधारांना बांधलेले असावेत. एक तुटला तरी दुसरा जीव वाचवतो. कामाचे ठिकाण धोक्यापासून मुक्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 सांगते. सुरक्षापट्टा मागणे ही कामगाराची याचना नव्हे. तो त्याचा हक्क आहे.