लाइन गेली, आणि मीटर मालकाच्या नावावर



विदर्भातल्या छोट्या मुद्रकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलं आहे. अध्यक्षानं मुद्रणाच्या भवितव्यावर बोलावं अशी रीत आहे. मी मात्र भाड्याच्या गाळ्यातल्या विजेवर बोलणार आहे. नागपुरात महाल, इतवारी, गांधीबाग, सीताबर्डी इथले आपले कितीतरी छापखाने दुसऱ्याच्या जागेत उभे आहेत. त्यांचं भवितव्य आधी त्या जागेच्या मीटरवर ठरतं.

लग्नपत्रिकांचा हंगाम आणि वळवाच्या वादळांचा हंगाम नेमका एकच. दुपार कलते, धूळ उठते, फांदी तारेवर पडते आणि लाइन जाते. पायाच्या ट्रेडलला याचं सोयरसुतक नव्हतं, कंदिलाच्या उजेडातही काम निघायचं. ऑफसेटला मधेच थांबणं सोसत नाही. प्लेट आणि ब्लँकेट एकमेकांपासून सोडवा, प्लेटवर गोंद फिरवा, नाहीतर कोरी जागाही शाई धरायला लागते. आपला मशीनमन हे सगळं मोबाइलच्या टॉर्चवर, घामाघूम होत करतो. लाइन आली की रंग जुळेपर्यंत पुन्हा कागद वाया जातो. डिजिटल यंत्रात तर कागद तापलेल्या फ्यूजरमध्येच अडकून बसतो. हे नुकसान आपण ग्राहकाच्या बिलात लावत नाही, गपगुमान सोसतो.

कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं आपल्या उशाशी आहेत. त्यांची राख आपल्याकडे येते, मग अंधार का, असं आपण दर सभेत विचारतो. प्रश्न रास्त आहे. 2005 नंतरची भारनियमनाची वर्षं आपण काढली, 2011 ते 2019 या काळात शहराच्या काही भागांत वीजवितरणाची खासगी फ्रँचायझीही पाहिली. पण आज आपलं मशीन बंद पडतं ते दर वेळी विजेच्या तुटवड्यानं नाही. पुष्कळदा बिघाड खांबापासून मशीनपर्यंतच्या वायरमध्ये असतो. त्यातला मीटरच्या अलीकडचा भाग घरमालकाचा.

म्हणून लाइन गेली की आधी शेजारच्या गाळ्यात डोकवा. तिथंही अंधार असेल तर डीपी किंवा फीडरचा बिघाड, 1912 वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. फक्त आपल्याकडेच गेली असेल तर इमारतीचा कटआउट, मेन स्विच, जुनी केबल बघायला हवी. तीन फेजपैकी एक गेला आणि मोटर तशीच ओढत राहिली तर ती जळते, तेव्हा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरवर काटकसर करू नका. न्यूट्रल तुटणं त्याहून वाईट. 230 व्होल्टवर चालणाऱ्या संगणकाला 400 च्या आसपास व्होल्टेज मिळू शकतं. दिवे अचानक प्रखर झाले, पंखे जोरात फिरू लागले, तर कशाचीही वाट न पाहता मेन पाडा. मीटरच्या खोलीतला सैल जोड वर्षातून एकदा परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. अनेक इमारतींत या खोलीची किल्ली मालकाकडे, आणि मालक पुण्यात. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचा एसएमएससुद्धा त्याच्याच मोबाइलवर जातो. आपण सकाळी प्लेट चढवतो आणि दहाला लाइन जाते! ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते, कारण बिलाच्या नोंदीत आपला नंबर घालून ती टळू शकते.

आता कायदा. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 43 जागेच्या मालकाला किंवा भोगवटादाराला वीजजोडणी मागण्याचा हक्क देतं. म्हणजे जागेच्या ताब्याचा पुरावा असेल तर आपणही स्वतःच्या नावानं अर्ज करू शकतो. घरगुती मीटरवर छापखाना चालवणं मात्र कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतं, आकारणी लागू दराच्या दुप्पट होते आणि जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर ती येऊ शकते. थोडं भाडं वाचतं म्हणून अशा गाळ्यात शिरू नका, हे नवीन मुलांना मी कळकळीनं सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 29 प्रमाणे घरमालकाला भाडेकरूची वीज सबळ कारणाशिवाय तोडता येत नाही. पण आपले पुष्कळ करार अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सचे असतात. तिथं हे संरक्षण गृहीत धरू नका. जे हवं ते करारात लिहून घ्या.

इन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. 150 अँपिअर-तासांच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर संगणक आणि दिवे काही तास निघतात, प्रूफ वाचता येतं, बांधणी उरकता येते. मशीनची मोटर त्यावर लावू नका. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. जनरेटर बंद गाळ्यात कधीच नको, त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. आणि चेंजओव्हर स्विचशिवाय तो जोडला तर खांबावर चढलेला लाइनमन आपल्या विजेनं मरू शकतो. तळघरातल्यांनी 23 सप्टेंबर 2023 विसरू नये. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि सीताबर्डीपर्यंत पाणी शिरलं. बॅटरी आणि बोर्ड उंचावर घ्या.

या परिषदेनं आज एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या सगळ्यांसाठी भाडेकराराचा एक मराठी मसुदा तयार व्हावा. मंजूर भार किती, मीटर कोणत्या वर्गाचा, अर्थिंग कोणी करायचं, मीटरच्या खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे, बॅटरी कुठे ठेवायची, केबल जळाली तर खर्च कोणाचा आणि दुरुस्ती किती दिवसांत, हे सगळं त्यात यावं. मसुदा वकिलाकडून तपासून घेऊ आणि आपल्याच मशीनवर छापू. पुढच्या हंगामाआधी तो प्रत्येक सभासदाच्या हातात पडावा. ठराव मांडायला मी परवानगी देतो, अनुमोदकांनी पुढे यावं.