पाळीचा हिशेब

(बदनापूर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अनियमित पाळी ही घरात कुजबुजून सांगितली जाणारी तक्रार आहे. म्हणूनच तिचा विचार सभेत झाला पाहिजे. तिच्यामागे पुष्कळदा पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असतो. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातील शंभरांपैकी ६ ते १३ स्त्रियांना तो असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताही नसतो.

हा विकार समूळ जात नाही. तो आटोक्यात ठेवावा लागतो. पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते व पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर गोळ्या देऊन ठरावीक अंतराने पाळी आणतात. मधुमेहाचाही धोका असल्याने साखर व रक्तदाब वेळोवेळी तपासावा लागतो. वजन जास्त असल्यास ते थोडे उतरले तरी अनेकींची पाळी सुधारते. यांतील एकही उपाय फार खर्चाचा नाही. परंतु दवाखान्याच्या प्रत्येक खेपेला मजूर स्त्रीचा एक रोज बुडतो, आणि अशा खेपा वर्षानुवर्षे घालाव्या लागतात.

हे जमत नाही तेव्हा काय घडते, ते शेजारच्या बीड जिल्ह्यात दिसले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्या साऱ्यांना पीसीओएस होता, असे नव्हे. परंतु खाडा झाला की दंड आणि डोक्यावर मुकादमाची उचल, अशा स्थितीत पाळीच्या कोणत्याही तक्रारीवर ‘एकदाचे काढून टाका’ हा सल्ला स्वस्त वाटतो. वस्तुतः पिशवी काढल्याने पीसीओएस जात नाही. मधुमेहाचा धोका तसाच राहतो.

मधुमेहाची सरकारी तपासणी वयाच्या तिशीपासून होते. हा विकार मात्र किशोरवयातच सुरू होतो. पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही ती अनियमित राहिली, तर त्या मुलीची ग्रामीण रुग्णालयात नोंद व्हावी, तिला तपासणीचे कार्ड मिळावे, आणि हंगामाला दुसऱ्या जिल्ह्यात गेल्यावरही त्या कार्डावर औषध मिळावे, ही मागणी बदनापूरच्या कार्यकर्त्यांनी हाती घ्यावी. तोवर प्रत्येकाने आपल्या घरातील मुलीला पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहायला सांगावे, आणि ती लिहिताना तिला संकोच वाटणार नाही, हे पाहावे.