आजारपणातली भाषा

(अवधपुरीतील आपल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाली आहे, प्रसादाची पातेली अजून यायची आहेत, तेवढ्या वेळात आम्हाला बोलायचं आहे. कागद आम्ही नवराबायकोंनी मिळून लिहिलाय, तेव्हा चुकाही निम्म्या निम्म्या वाटून घेऊ. एक अडचण आधीच सांगतो. ज्यांच्याविषयी बोलणार त्या एकाची आई आणि दुसरीच्या सासूबाई. घरात एक जण ‘तू’ म्हणायचा, एक जण ‘तुम्ही’. आज दोघांच्या वतीने ‘आई होत्या’ असंच म्हणतो.

आपल्यातली पुष्कळ घरं भोपाळला आली ती हेवी इलेक्ट्रिकल्समुळे. ६ नोव्हेंबर १९६० ला पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं लोकार्पण झालं आणि पुढे दोनच वर्षांनी आई पिपलानीच्या क्वार्टरमध्ये संसाराला आल्या. नोकरी संपली, क्वार्टर सोडलं, जवळच अवधपुरीत घर बांधलं; हा प्रवास इथे बसलेल्या निम्म्या लोकांचा आहे. साठ वर्षं भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, शेजारच्या भाभींशी त्या हिंदीत बोलल्या. भोपाळी ‘अपन को’सुद्धा त्यांच्या तोंडी सफाईने यायचं.

ऐंशीनंतर ती हिंदी गळायला लागली. एकदा दूधवाल्याला ‘उद्या दोन लिटर’ म्हणाल्या आणि त्याला कळेना म्हणून त्याच्यावरच रागावल्या. आम्ही हसलो. पुढे डॉक्टरांनी विस्मरणाचं निदान केलं तेव्हा हसू थांबलं. नव्या आठवणी आधी जातात, जुन्या मागे उरतात, असं थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ सालीच लिहून ठेवलं होतं. भाषेचं सगळ्यांच्या बाबतीत तसंच होतं असं नाही. काहींची रोजच्या वापरातली भाषा जास्त टिकते. आईंची मात्र माहेरचीच टिकली.

आता रुग्णालयातली गोष्ट. नाव घेत नाही, कारण दोष मुख्यतः आमचा होता. आईंचं सोडियम उतरलं, पोटॅशियमही कमी झालं, म्हणून दाखल केलं. भरतीच्या वेळी आम्ही काय सांगितलं? ‘इनको आजकल कुछ समझ में नहीं आता।’ बस. ते वाक्य फाइलवर गेलं. रात्री वॉर्डात नातेवाइकांना थांबू देत नव्हते. आमच्यातला एक बाहेरच्या खुर्चीवर डुलक्या घेत होता, दुसरी घरी होती. दोनच्या सुमारास आई ‘आग, आग’ म्हणून ओरडायला लागल्या. सिस्टर धावत आली. ‘अम्मा, कहीं आग नहीं है, सो जाओ।’ त्यांचं ओरडणं थांबेना. हात झटकत होत्या, सलाईन उपसू पाहत होत्या. मग झोपेचं इंजेक्शन दिलं आणि दुसरा हात बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधला.

सकाळी पाहिलं तर सलाईनचा हात कोपरापर्यंत सुजलेला, त्यावर फोड. सुई शिरेबाहेर सरकली होती आणि पोटॅशियमचं पाणी कातडीखाली जात होतं. त्याने आग होते. आपल्याला हे सांगावं लागत नाही. मिरची लागली की हाताची आग होते, पित्त झालं की छातीची आग होते. हिंदीत त्याला जलन म्हणतात. आग म्हणजे तिकडे फक्त विस्तव. आई भ्रमात नव्हत्या. त्या अगदी अचूक सांगत होत्या, आणि ‘हिला काही समजत नाही’ हे आम्हीच आधी लिहून दिलेलं असल्यामुळे त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही. त्या हातावरचा डाग शेवटपर्यंत राहिला.

त्या सिस्टरवर आम्ही रागावलो, पण राग फार टिकला नाही. ती केरळची होती, हिंदी तिलाही इथे येऊन शिकावी लागली होती. आपल्या साकेत नगरच्या एम्समध्येही नर्सिंगच्या जागा देशभराच्या परीक्षेतून भरतात. म्हणजे पलंगाच्या दोन्ही बाजूंना माणूस आपल्या घरच्या भाषेपासून लांबच असतो. १६ ऑक्टोबर २०२२ ला याच भोपाळमध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. भाषेवरून बराच वाद झाला तेव्हा. आम्हाला वाटलं, डॉक्टर कुठल्या भाषेत शिकतो यावर एवढी चर्चा, पण म्हातारी कुठल्या भाषेत कण्हते याचा कुणी हिशेब केला?

घरी आल्यावर आम्ही वहीचं एक पान घेऊन बसलो. डावीकडे आईंचे शब्द, उजवीकडे हिंदी. वाटलं, दहा होतील. चाळीस झाले. आणि काय गंमत, हिंदी-मराठी एवढ्या जवळच्या बहिणी, म्हणूनच घोटाळा जास्त. आपली ‘पाठ’ दुखते, ती त्यांना धडा वाटते. त्यांची ‘पीठ’ आपल्या डब्यात असते. आपली ‘मान’ अवघडते, तर त्यांना सन्मान ऐकू येतो. ‘कळ येतेय’ म्हटलं की ‘कल कौन आ रहा है, अम्मा?’ ‘मळमळतंय’ मधलं मलमल ऐकून एका आयाने खरोखर मऊ ओढणी आणून दिली होती. सगळ्यात कहर ‘ऊन’ शब्दाचा. खिडकीतून तोंडावर ऊन येतंय म्हणून आई कुरकुरायच्या आणि लोकरीचं काहीतरी मागताहेत समजून त्यांच्या अंगावर एप्रिलमध्ये ब्लँकेट टाकलं जायचं! पायाला मुंग्या येतात याचं भाषांतर तर आमच्यातल्याच एकाने ‘चींटियाँ आती हैं’ असं केलं होतं; झुनझुनी हा शब्द ऐनवेळी आठवला नाही. पन्नास वर्षं भोपाळात राहून!

एका शब्दापाशी मात्र आम्ही अडलो. ‘कसंतरी होतंय.’ दुखत नाही, जळत नाही, पण बरं नाही. आईंच्या बाबतीत हे वाक्य आलं की तासाभरात ताप चढायचा किंवा साखर उतरलेली निघायची. हिंदी रकान्यात शेवटी लिहिलं: ‘अजीब-सा लग रहा है। तुरंत जाँच करें।’

शब्द कळले तरी सगळं कळत नाही, हेही सांगायला हवं. आपली ही पिढी सोशिक. ‘दर्द है?’ विचारलं की ‘नहीं, ठीक है’ असं उत्तर तयार. मराठीत विचारलं तरी ‘बरं आहे’. त्यांना डॉक्टरांचा वेळ घ्यायचा नसतो. अमेरिकेत १९८४ साली एका पाहणीत डॉक्टर आणि रुग्ण यांची बोलणी टेपवर ऐकली, तेव्हा रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी अठराव्या सेकंदाला डॉक्टर त्याला तोडत होते. आमच्याकडे डॉक्टरांना तोडायची वेळच यायची नाही; आईंच्या आधी आम्हीच उत्तर द्यायचो. ‘हाँ, खाना खाया. हाँ, नींद आई.’ एका तरुण डॉक्टरने आम्हाला हाताने गप्प केलं आणि आईंकडे बघत थांबला. बराच वेळ गेला, निदान आम्हाला तसं वाटलं. मग आई म्हणाल्या, ‘रात्री या कुशीवर झोपवत नाही.’ आम्ही हिंदी करून सांगितलं. त्याने बरगडी दाबून पाहिली. आठ दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडल्याचं त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही ‘दुखतंय का’ विचारणं सोडलं. झोप कुठल्या कुशीवर लागली, जिना चढताना कुठे थांबावं लागलं, असं विचारायला लागलो.

हाकेचंही एक आहे. केट ग्रेंजर नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टर स्वतः कर्करोगाने आजारी पडल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की उपचार करणारे आपलं नावसुद्धा सांगत नाहीत. २०१३ साली त्यांनी ‘हॅलो, माझं नाव...’ अशी मोहीम सुरू केली. २०१६ मध्ये त्या गेल्या, मोहीम चालू आहे. आमच्याकडे उलट अडचण आली. आई शाळेत शिकवायच्या. सगळं आयुष्य ‘बाई’ या हाकेला ओ दिली. ‘अम्मा’ला त्या मान वर करत नसत. आम्ही स्टाफला सांगितलं, ‘इनको बाई बोलिए।’ त्या मुली चपापल्या. भोपाळात बाई म्हणजे धुणीभांडी करणारी! समजावून सांगितल्यावर एकीने हळूच ‘बाईजी’ म्हटलं आणि आईंनी ‘काय गं?’ म्हणून डोळे उघडले.

पुण्या-बंगळुरूला, न्यू जर्सीला मुलं असलेले इथे बरेच आहेत, म्हणून व्हिडिओ कॉलबद्दल दोन शब्द. ‘ओळखलंस का? सांग बघू मी कोण?’ ही तोंडी परीक्षा कृपया घेऊ नका. आमच्या घरी ती दर रविवारी व्हायची. आई नापास व्हायच्या, कानकोंड्या व्हायच्या आणि पुढचा दिवसभर जेवायच्या नाहीत. मग मुलीला सांगितलं, आपणच म्हणायचं, ‘आई, मी धाकटी. आज अळूवड्या केल्या.’ त्यावर आई वीस मिनिटं अळूवड्यांवर बोलल्या. कुणाशी बोलतोय ते त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. धाकटी रडली, पण आनंदाने.

आई गेल्या वर्षी, श्राद्धपक्षाच्या आधी गेल्या. शेवटचे दहा महिने होशंगाबादकडची एक मुलगी दिवसभर सांभाळायला होती. भिंतीवरचं ते पान तिने पाठ केलं होतं. ‘गार पानी देऊ?’ इतपत मराठी तिला यायला लागली होती. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. आता ती बरखेड्याला एका घरी कामाला आहे.

‘भाभी, वो कसंतरी वाला काग़ज़ एक और मिलेगा क्या? ये अम्मा भी मराठी हैं।’

पानाच्या प्रती काढून आणल्या आहेत. प्रसादाच्या टेबलाजवळ ठेवल्या आहेत. उजवीकडे थोडी जागा मोकळी सोडली आहे. आपापल्या घरातले शब्द तिथे घाला, आणि आम्हालाही कळवा.