विहितगावचा थांबा

अध्यक्ष महाराज, मुख्याध्यापिका बाई, शिक्षकवृंद, आणि पाहुणा कधी संपतो याची वाट बघत विंगेत नटूनथटून उभ्या असलेल्या मुलांनो,

तुमच्यातले कितीतरी जण रोज विहितगाववरून येता. नाशिकरोडहून देवळाली कॅम्पकडे जाताना लागणारं, वालदेवीकाठचं गाव. कंडक्टरने नाव पुकारलं तरी आपण मान वर करत नाही. मीही करत नसे. कॉलेजात असताना 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह एका रात्रीत वाचला आणि लेखक मुंबईचाच असणार, असं धरून चाललो. बाबूराव बागूल विहितगावचे, हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. बस मात्र रोज तिथूनच जात होती!

त्यांचा जन्म १७ जुलै १९३०चा. त्याच वर्षी २ मार्चला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. साडेचार महिने उलटले तरी दलितांसाठी दार बंदच. बाबूराव पाच वर्षांचे असताना येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. लेखकाचं बालपण म्हटलं की आपण आमराई आणि आजीच्या गोष्टी शोधतो. या बालपणाला बंद दाराची चौकट होती.

दहाएक वर्षांचे असताना ते मुंबईला गेले, माटुंगा लेबर कॅम्पात. पुढे रेल्वेत नोकरी. १९६३मध्ये तो संग्रह आला. शीर्षककथेतला तरुण भाड्याच्या खोलीसाठी जात सांगत नाही. कळल्यावर मार खातो. मी अडतो तो 'चोरली' या शब्दापाशी. लपवली नव्हे, चोरली. गच्च भरलेल्या बसमध्ये आपण अंग चोरून बसतो ना, तसं. फरक एवढाच की आपला थांबा आला की आपण उतरून हात-पाय मोकळे करतो.

१९६८मध्ये त्यांनी नोकरी सोडली. 'मरण स्वस्त होत आहे' हा कथासंग्रह आला, 'सूड' ही कादंबरी आली. अखेर ते नाशिकलाच होते. २६ मार्च २००८ रोजी इथेच गेले.

मघाशी तुमच्या ग्रंथालयात डोकावलो. 'जेव्हा मी जात चोरली होती' हे पुस्तक आहे. आतल्या चिठ्ठीवरची शेवटची तारीख मात्र तीन वर्षांपूर्वीची. सोमवारी ते सगळ्यांत आधी कोण नेतं, ते बाई मला फोनवर कळवणार आहेत.

बरं, नाचवाल्या मुलींचे गजरे सुकायला लागलेत. पडदा उघडा.