माजघरातील ऐकते यंत्र

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे व उभे आयुष्य शाळेच्या फळ्यापुढे गेलेले. तेव्हा आम्ही यंत्रांविषयी बोलावे हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु ज्या यंत्राविषयी बोलावयाचे आहे ते प्रयोगशाळेत नसून आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, घड्याळाशेजारच्या फळीवर येऊन बसले आहे. हाक मारताच गाणे लावणारे, वेळ सांगणारे, दिवा मालविणारे ते बोलके यंत्र. मुले त्यास अलेक्सा, गूगल इत्यादी नावांनी ओळखतात. ॲमेझॉन कंपनीचे असे यंत्र आपल्या देशात २०१७ साली विक्रीस आले आणि २०१९ पासून ते हिंदीही बोलू लागले.

प्रारंभीच सांगतो, आम्ही त्याचे वैरी नाही. आमच्या थोरल्या भगिनी आमच्याकडेच असतात. वय ८४, दृष्टी जवळजवळ गेलेली. पहाटे जाग आली की किती वाजले हे विचारण्यासाठी पूर्वी त्यांना कोणास तरी उठवावे लागे, आणि तेच त्यांच्या जिवावर येई. आता त्या यंत्रास विचारतात, अभंग लावावयास सांगतात, आणि अभंग संपला की त्यास आशीर्वादही देतात. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बस्ती येथे घरात माकडे शिरली असता तेरा वर्षांच्या एका मुलीने याच यंत्राकरवी कुत्र्याचे भुंकणे ऐकवून त्यांना पिटाळले व आपल्या लहानग्या भाचीस वाचविले, हे आपण वाचले असेलच. उपयोगाविषयी आमचा वाद नाही.

गेल्या श्रावणातील गोष्ट. आमची एक भाची मामीस भेटावयास आली. तिच्या मनात काही सलत होते. ते काय होते हे येथे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. एवढे बोलतो आहोत तेही तिची अनुमती घेऊनच. तिने सांगावयास आरंभ केला, तिचा कंठ दाटून आला, आणि तोच फळीवरील यंत्राचा दिवा उजळला. आपले म्हणणे समजले नाही, अशा अर्थाचे एक गोड हिंदी वाक्य त्यातून बाहेर पडले. भाची एकदम थांबली. "मामा, हे ऐकत होतं का?" तिने विचारले. आम्ही हसून "छे, छे, काहीतरीच!" म्हणालो. तिने चहा घेतला, पावसापाण्याच्या दोन गोष्टी केल्या आणि ती निघून गेली. जे सांगावयास आली होती ते तसेच राहिले.

सायंकाळी आमच्या नातवाने मोबाइलवरील त्या यंत्राचे ॲप उघडले. त्यात दिवसवार यादी होती. त्याने बोट ठेवले आणि भाचीचा आवाज खोलीत उमटला, अर्धे वाक्य आणि मागोमाग हुंदका. आमच्या सौभाग्यवती उठून आत गेल्या. ज्या मुलीस आम्ही अंगाखांद्यावर खेळविले, तिला आम्ही त्या दुपारी खोटे सांगितले होते. यंत्र कोणत्या कंपनीचे होते हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ते घरात आणले आम्हीच.

असे का व्हावे, याची आम्ही मग चौकशी केली. शाळेत हजेरी घेताना आपले नाव ऐकण्यासाठी मुलास सर्वांचीच नावे ऐकावी लागतात. या यंत्राचेही तसेच आहे. हाकेचा शब्द ओळखता यावा म्हणून त्याचा कान सदैव उघडा असतो. ऐकलेले ते काही क्षणांपुरते स्वतःपाशी ठेवते व पुसून टाकते. परंतु हाक आली असे त्यास वाटले की पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जाते. आणि हजेरीत 'रमेश' म्हटले की 'सुरेश' जसा "हजर" म्हणून उभा राही, तसे यंत्रही चुकते. भाचीच्या बोलण्यातील कोणता शब्द त्यास स्वतःच्या नावासारखा वाटला, ते देव जाणे!

पुढे गेलेले ते बोलणे केवळ यंत्रेच ऐकतात असेही नाही. जुलै २०१९ मध्ये बेल्जियममधील व्हीआरटी या वृत्तसंस्थेच्या हाती गूगलच्या अशा यंत्रणेतील एक हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणे आली. यंत्रास भाषा अधिक चांगली कळावी म्हणून ती ऐकून लिहून काढण्याचे काम पगारी माणसांकडे दिलेले होते. त्यांपैकी १५३ मुद्रणे हाक न मारताच झालेली होती, आणि त्यांत शयनगृहातील संभाषणेही होती. त्याच वर्षी ॲपल व ॲमेझॉन यांच्याकडेही माणसे असे ऐकतात हे वृत्तमाध्यमांनी उघडकीस आणले. ॲपलने ऑगस्टमध्ये क्षमा मागितली. पुढे २०२३ साली, मुलांच्या आवाजाची मुद्रणे बेकायदा साठवून ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकेत ॲमेझॉनने अडीच कोटी डॉलर दंड देण्याचे मान्य केले. दंड मोठा दिसतो. कंपनीच्या वैभवापुढे तो किती, हा हिशेब येथील व्यापारी मंडळींनी करावा.

आमच्या जुन्या घरात बोलण्याच्या जागा ठरलेल्या होत्या. ओसरीवर बोलावयाचे ते गावाने ऐकण्याजोगे. सोयरिकीची बोलणी, कर्ज, दुखणे, लेकीसुनांचे मन, हे सारे माजघरात. तेथे ऐकणारा कोण आहे हे बोलणारास दिसत असे, आणि नको असलेले माणूस आले की आवाज आपोआप उतरे. या यंत्रापुढे आवाज उतरत नाही, कारण ते माणूस नव्हे असे आपण समजतो. आणि संमतीचे म्हणाल तर, यंत्र लावताना 'मान्य आहे' यावर बोट आमच्या नातवाने ठेवले. भाचीस कोणी विचारले? घरी कामास येणाऱ्या बाईंस कोणी विचारले? आमच्या भगिनींनाही कोणी विचारले नव्हते. आम्हांस बोच आहे ती याची.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईबापांची संमती लागते. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु कंपनीस जाब विचारणारा कायदा पाहुण्याच्या वतीने यजमानास जाब विचारीत नाही. घरगुती कामापुरते व्यक्तीने जे केले ते त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. तेथे आपली आपणच लाज बाळगावयाची.

आम्ही काय केले? यंत्र बैठकीच्या खोलीतून काढून भगिनींच्या खोलीत ठेवले, आणि प्रथमच त्यांना ते कसे ऐकते हे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "माझं काय ऐकणार, अभंगच की!" जुनी मुद्रणे नातवाकडून पुसून घेतली व नवी साठवू नयेत अशी ॲपमध्ये नोंद केली. आवाजावरून खरेदी करण्याची सोय बंद केली. यंत्राच्या डोक्यावर माइक बंद करण्याची कळ असते. ती दाबण्यास भगिनींची बोटे आता सरावली आहेत. मात्र कंपनीने दिलेली सोय ही कंपनीच्या मर्जीची, हेही ध्यानी असावे. मुद्रणे बाहेर न पाठविण्याची जी सोय ॲमेझॉनच्या काही यंत्रांत होती, ती २८ मार्च २०२५ पासून काढून घेण्यात आली. कडी आपल्या दाराला, पण ती ठेवायची की काढायची हे ठरविणारा परगावी, असा हा प्रकार आहे.

दिवाळीत भाची पुन्हा आली. बैठकीच्या खोलीतील फळी रिकामी आहे हे आम्ही तिला आपणहून सांगितले आणि श्रावणातील दुपारची खरी हकीकतही सांगितली. ती काही वेळ गप्प राहिली. मग मामीस म्हणाली, "आपण मागच्या अंगणात बसू या का?" दोघी तुळशीपाशी जाऊन बसल्या. दिवे लागले तरी त्या आत आल्या नव्हत्या, आणि आम्हीही त्यांस हाक मारली नाही.