खळ्यावरचं अर्थशास्त्र

खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून मी खोपोली-कर्जत लोकलनं एफ.वाय.बी.ए.ला जायचो. अर्थशास्त्रातले आलेख दोन महिने नुसते उतरवून घेतले. मग मागणीची लवचिकता शिकवताना सरांनी विचारलं, "तांदूळ स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट जेवतं का?" नाही ना? म्हणून सगळीकडेच पीक उदंड आलं, की भाव त्याहून जास्त कोसळतो.

मला आमचं खळं आठवलं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचं 'कर्जत-३' बियाणं सगळ्यांनीच लावलेलं. पोती वाढली, पैसे घटले. आई वडिलांना म्हणाली होती, "तुम्हाला विकताच येत नाही." (मीही तिच्याच बाजूचा!) तेव्हापासून ते गप्पच.

त्या रात्री वही उघडून आईला रेष दाखवली. वडील जवळ सरकले.

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

आईनं काही न बोलता त्यांचं ताट वाढलं.