कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर

तेरहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आपल्या बैठकीचा व्हिडिओ काढायला बाहेरची माणसं येतात आणि काढून घेऊन जातात. त्यात आपण कशा दिसलो, आपलं कोणतं बोलणं ठेवलं, हे आपल्याला कुणी दाखवत नाही. म्हणून आज मुंबईची एक गोष्ट सांगतो.

मुंबईत माहितीपटांचा सरकारी महोत्सव भरतो. 2004 च्या महोत्सवासाठी अट आली, की भारतातल्या फिल्मला सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. परदेशी फिल्मला मात्र नको. फिल्म करणाऱ्यांनी एकजुटीनं विरोध केला, तेव्हा अट मागे घेतली. पण निवडीत बोचरे प्रश्न विचारणाऱ्या बऱ्याच फिल्म गळाल्या. गुजरातच्या दंगलीवरची राकेश शर्मांची 'फायनल सोल्यूशन' त्यातलीच. मग ही मंडळी रडत बसली नाहीत. फेब्रुवारी 2004 मध्ये, सरकारी महोत्सव चालू असतानाच, त्यांनी मुंबईत आपला महोत्सव भरवला. नाव ठेवलं 'विकल्प'. नाकारलेल्या फिल्म तिथं लोकांनी पाहिल्या.

आता पडदा मिळाला, तरी कॅमेरा कुणाच्या हातात, हा प्रश्न राहतोच. शेजारच्या तेलंगणात, जहिराबादजवळ पस्तापूरला, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघममधल्या बाया कॅमेरा चालवायला शिकल्या. संघम म्हणजे आपल्यासारखाच बायांचा गट. शेतात राबणाऱ्या, बहुतेक दलित घरातल्या या बाया. त्यांनी शॉटला आपली नावं दिली. वरून खाली बघणारा तो पटेल शॉट. पटेल म्हणजे गावचा मोठा जमीनदार. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. आणि समोरून, डोळ्याच्या उंचीवरून घेतलेला तो संघम शॉट. 2008 पासून त्यांचा स्वतःचा संघम रेडिओही आहे.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणींच्या हातात आज मोबाइल आहे. आम्ही ठरवलंय, प्रत्येकीनं आपल्या कामाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. खुरपणी, दळण, पाण्याची खेप, काहीही चालेल. दुसरीचा काढायचा तर आधी तिला विचारायचं. मग एका संध्याकाळी भिंतीवर पांढरी चादर बांधून सगळ्यांनी मिळून बघायचे.

गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी थापटून पाहिली, कोण पक्कं, कोण कच्चं, ही कथा तेरच्या लेकराला ठाऊक आहे. आपले व्हिडिओही असेच पारखून घेऊ. पक्का की कच्चा, हे जिचा व्हिडिओ आहे तिनं पहिल्यांदा सांगायचं. ती नको म्हणाली, तर तो पडद्यावर जाणार नाही.

तुमच्या गावातही करून बघा आणि आम्हाला कळवा.